चूक कुणाच्या नावावर?

२ जुलै २०१८. रशियातलं रोस्तोव शहर, फुटबॉल विश्वचषकातला जपान-बेल्जियम सामना. उत्तरार्धाच्या पहिल्या सात मिनिटांत हारागुची आणि इनुई यांनी एकेक गोल करून जपानला २-० असं पुढे नेलं होतं. मग बेल्जियमने दोन्ही गोल फेडले. भरपाईची मिनिटंही संपत आली आणि जपानला कॉर्नर मिळाला. होंडाने मारलेला चेंडू बेल्जियमच्या गोलरक्षकाने, कुर्टवाने, अलगद झेलला आणि सरळ डी ब्रॉयनेच्या पुढ्यात घरंगळवला. पुढची दहा-बारा सेकंदं मी किती वेळा पाहिली असतील, मोजदाद नाही. डी ब्रॉयने मैदानाच्या मधोमध धावत सुटला. त्याने उजवीकडे मुनिएला चेंडू दिला आणि मुनिएने तो गोलच्या तोंडाशी जमिनीलगत सरकवला. तिथे लुकाकू उभा. नऊ नंबरची जर्सी, गोल करण्यासाठीच संघात घेतलेला गडी. त्याने चेंडूला पायच लावला नाही. तो आपल्या अंगावरून पुढे जाऊ दिला, आणि मागून मोकळा धावत आलेल्या शादलीने त्याला जाळ्याचा रस्ता दाखवला. बेल्जियम ३, जपान २. पुन्हा एकदा शेवटच्या सोळांतच जपानची गाडी अडकली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या ‘वीकली शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात एक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, सुरू झाली. ‘ब्लू लॉक’. कथा मुनेयुकी कानेशिरो यांची, चित्रं युसुके नोमुरा यांची. तिची सुरुवात याच पराभवाच्या सावलीत होते. जपानी संघ शिस्तीचा आहे, पास देण्यात पटाईत आहे, धावतोही जीव तोडून. मग जगज्जेता का होत नाही? कथेतला प्रशिक्षक जिनपाची एगो याचं उत्तर तयार असतं: तुमच्याकडे अहंकारी स्ट्रायकर, म्हणजे आघाडीला राहून गोल मारणारा, नाही. म्हणून तो देशभरातून शाळकरी वयाचे ३०० आघाडीपटू गोळा करतो, तुरुंगासारख्या एका इमारतीत कोंडतो आणि एकेकाला गाळत जातो. शेवटी एक उरेल. तोच जपानचा स्ट्रायकर. जे गळतील त्यांना राष्ट्रीय संघाचे दरवाजे कायमचे बंद.

गंमत अशी की ज्या गोलने जपानचं स्वप्न मोडलं, तो गोल स्ट्रायकरने मोह आवरल्यामुळे झाला होता. लुकाकूने त्या क्षणी स्वतःचा विचार केला असता तर कदाचित चेंडू जपानी बचावपटूच्या पायावर आपटून परत आला असता. तरीही या पराभवातून निघालेल्या कथेचा धडा मात्र ‘स्वार्थी व्हा’ असा. ही विसंगती मला पहिल्यापासून खुपते, आणि तरीही ‘ब्लू लॉक’ मला आवडते. एकाच वेळी या दोन्ही गोष्टी कशा, याचा उलगडा मला बरेच दिवस होत नव्हता.

तो झाला माझ्या भाच्यामुळे. भाचा अकरावीत आहे. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये या मांगावरची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका आली, तेव्हापासून तो तिचा भक्त. दिवाळीत घरी आला होता, बोलता बोलता म्हणाला, “मामा, पास देणारे बहुतेक घाबरट असतात.” ताई स्वयंपाकघरातून ओरडली, “बघ, हे असलं शिकवतात! घरात पाण्याचा ग्लाससुद्धा कुणाला देत नाही हल्ली.” भाच्याला वाटतं मांगा स्वार्थाच्या बाजूने आहे म्हणून ती भारी. ताईला वाटतं ती स्वार्थाच्या बाजूने आहे म्हणून ती वाईट. वादाच्या दोन टोकांना बसलेल्या या मायलेकांचं एका गोष्टीवर एकमत आहे, ते म्हणजे मांगा ‘मी’ विरुद्ध ‘आम्ही’ या भांडणाबद्दल आहे. माझ्या मते ती तशी नाही, आणि हे भांडणच मुळात लटकं आहे.

मांगाचा पहिलाच प्रसंग पाहा. योइची इसागी हा नायक आपल्या शाळेकडून सैतामा प्रांताचा अंतिम सामना खेळतोय. शेवटची मिनिटं आहेत आणि तो एकटा गोलरक्षकासमोर उभा आहे. फटका मारावा की बाजूला मोकळ्या असलेल्या मित्राला चेंडू द्यावा? लहानपणापासून जे कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं, तेच तो करतो. पास देतो. मित्राचा फटका गोलखांबाला लागतो, प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन पळतात, गोल होतो, सामना संपतो. मुलं रडतात आणि प्रशिक्षक त्यांना एकजुटीच्या चार गोष्टी सांगतो. इसागी मात्र घरी जाताना वेगळ्याच गोष्टीने जळत असतो: मी मारला असता तर?

त्याचा पास चुकीचा नव्हता. मित्र खरोखरच मोकळा होता. फळ्यावर आकृती काढली तर दहातले नऊ प्रशिक्षक म्हणतील की पासच योग्य. लेखकाने इथे मुलाला मूर्ख ठरवलेलं नाही, आणि प्रसंगाची धार त्यातच आहे. इसागीने पास दिला तो निव्वळ हिशोब करून दिला का? मला वाटतं, हिशोबाच्या आड त्याने स्वतःची सुटकाही करून घेतली. फटका मारून चुकला असता तर चूक त्याच्या नावावर लागली असती. पास दिल्यावर ती मित्राच्या नावावर गेली, मित्राच्या नावावरून गोलखांबाच्या नावावर आणि शेवटी ‘आपण सगळे हरलो’ या गोधडीखाली. संघभावना हे असं पांघरूण होऊ शकतं. मांगाचा राग पास या गोष्टीवर नाहीच, या पांघरुणावर आहे.

आपल्याला हे पांघरूण काही अनोळखी नाही. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण खरी आहे, पण गावाने मिळून एखादी गोष्ट करायची राहून गेली तर ती कुणी केली नाही, हे मात्र कधीच ठरत नाही. कुठल्याही सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त काढून वाचा. ‘सर्वानुमते ठरले.’ आणि टाकी गळतेच आहे. जपानी भाषेत म्हण आहे की वर आलेला खुंटा ठोकून खाली बसवला जातो. तिथल्या शाळा, कंपन्या आणि खेळाची मैदानं या म्हणीवर चालतात असं तिथलेच लोक कुरकुरत सांगतात. अशा समाजात एखाद्या पोराने ‘मी मारतो’ म्हणणं हा निव्वळ खेळाचा मुद्दा राहत नाही.

जपानच्या खऱ्या फुटबॉलमध्येही हा सल जुना आहे. १८ जून २००६, न्युरेंबर्ग, जपान विरुद्ध क्रोएशिया. गोलफलक कोरा. आघाडीपटू आत्सुशी यानागिसावापाशी गोलच्या अगदी तोंडाशी चेंडू आला. समोर जवळजवळ रिकामं जाळं. घरातल्या लहान मुलाने पाय पुढे केला असता तरी गोल झाला असता. तो पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू वळवायला गेला आणि चेंडू भलतीकडेच गेला. सामना ०-० सुटला, जपान गटातच बाद झाला. ‘चेंडू अचानक आला’ अशा अर्थाचं त्याचं स्पष्टीकरण जपानी इंटरनेटवर अनेक वर्षं चेष्टेचा विषय झालं, त्याची तीन अक्षरी खूणच बनली. मला ती चेष्टा क्रूर वाटते. यानागिसावा हा चेंडूविना धावण्यासाठी, दुसऱ्याला जागा करून देण्यासाठी वाखाणला जाणारा खेळाडू. ज्या गुणांसाठी आयुष्यभर पाठ थोपटली, त्याच गुणांनी घडलेल्या माणसासमोर एक क्षण असा आला की कुणाला जागा करून द्यायची उरलीच नव्हती. चेंडू त्याचा होता. फक्त त्याचा. अशा क्षणाची तालीम त्याच्याकडून कुणी करून घेतली होती?

जपानला गोल मारणारा मिळत नाही, याचा आळ गमतीगमतीत एका जुन्या मांगावर घेतला जातो. योइची ताकाहाशी यांची ‘कॅप्टन त्सुबासा’ १९८१ साली सुरू झाली आणि जपानची अख्खी पिढी चेंडूला मित्र म्हणू लागली. तेव्हा तिथे व्यावसायिक लीग नव्हती. ती १९९३ साली आली, आणि विश्वचषकात जपान पहिल्यांदा पोहोचला १९९८ साली. पण त्सुबासा सुरुवातीला आघाडीला खेळत असला तरी पुढे मधल्या फळीत गेला. म्हणून म्हणे जपानी पोरांना मधल्या फळीतच खेळायचं असतं! नाकाता, ओनो, नाकामुरा असे एकाहून एक सरस चेंडू पुरवणारे झाले. आत ढकलणारा मात्र मिळेना. एका मांगाला इतकं श्रेय किंवा दोष देणं मला पटत नाही. तरी मुलं कोण व्हायचं ते गोष्टींतून ठरवतात, हे खरं.

‘ब्लू लॉक’चं म्हणणं खरं मानायचं तर जपानला स्ट्रायकर कधी मिळालाच नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये जपानने कांस्यपदक जिंकलं आणि स्पर्धेत सर्वाधिक, ७ गोल केले ते कुनिशिगे कामामोतोने. भारदस्त शरीराचा, चेंडू पायाशी आला की मारणारा, आणि मारताना कुणाची परवानगी न मागणारा असा तो होता. पदकाच्या सामन्यात जपानने यजमान मेक्सिकोला त्यांच्याच अझटेका स्टेडियममध्ये २-० हरवलं. दोन्ही गोल कामामोतोचे, आणि ते दोन्ही चेंडू त्याला दिले र्‍युइची सुगियामाने. कामामोतोचं नाव जपानी माणूस आजही घेतो, पण जाणकार माणूस त्या नावाला जोडून सुगियामाचंही घेतो. सुगियामा डावीकडून धावत जाऊन चेंडू आत घालायचा तो बिचकून नव्हे. आत कामामोतो आहे आणि तो मारणारच, हे त्याला ठाऊक असायचं म्हणून. इसागीचा पास आणि सुगियामाचा पास कागदावर सारखेच दिसतील. एकाने ओझं टाकलं, दुसऱ्याने ते योग्य खांद्यावर ठेवलं.

मांगालाही हा फरक कळतो. तिच्या घोषणांपेक्षा तिची कथा शहाणी आहे, असं मी म्हणतो ते यासाठी. ३०० पोरं कोंडल्यावर पहिली कसोटी काय असते? पकडापकडी. एका खोलीत बारा जण, १३६ सेकंदं, ज्याच्यावर राज्य आहे त्याने दुसऱ्याला चेंडू मारायचा. वेळ संपताना ज्याच्यावर राज्य तो घरी. इसागीवर राज्य आहे, समोर सहज मारता येईल असा सावज पडलेला आहे, आणि तो त्याला मारत नाही. अखेरच्या क्षणी तो मारतो किराला, म्हणजे ज्याने त्याला प्रांताच्या सामन्यात हरवलं त्या ‘देशाच्या हिऱ्याला’. हा त्याच्या अहंकाराचा जन्म म्हणून वाचक टाळ्या वाजवतात. पण तो चेंडू इसागीकडे आला कुठून? बाचिरा नावाच्या पोराने दिला. या मांगातली स्वार्थाची पहिली कृतीसुद्धा पासवरच उभी आहे!

पुढे पहिल्या खऱ्या सामन्यात अकराही जण स्ट्रायकर आणि अकराही जणांना गोल हवा, म्हणून सगळे चेंडूभोवती माश्यांसारखे घोंगावतात. गल्लीतल्या सात वर्षांच्या पोरांचा फुटबॉल. समोरच्या संघात बारो नावाचा एक दांडगा आहे, स्वतःला राजा म्हणवणारा. तो एकट्याने गोल करायला लागतो आणि हळूहळू त्याच्याच संघातले बाकीचे दहा जण त्याच्याभोवती आपापली जागा शोधतात. मघाच्या गोंधळाला आकार येतो. संघ म्हणजे आधी नियम आणि मग माणसं, असं आपण धरून चालतो. इथे आधी एक ठाम माणूस आणि मग त्याच्याभोवती नियम. हे मला पटतं. कुठलंही चांगलं नाटक, चांगलं मासिक, चांगली सहकारी संस्था उभी राहताना कुणीतरी एकाने ‘हे मी करणार’ म्हटलेलं असतं. पण मांगा तिथेच थांबत नाही. बारोचा हा ठामपणा पुढे त्याच्याच आड येतो, आणि इसागी त्याला मागे टाकतो तो पायाच्या जोरावर नाही. इसागी पळण्यात, उंचीत, ताकदीत सामान्यच. त्याची एकच खुबी, मैदानावर कोण कुठे आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल हे त्याला दिसतं. आता विचार करा, ज्याची सगळी ताकद दुसऱ्यांच्या धावण्यावर उभी, तो एकटा काय करणार? दुसरे नसतील तर इसागीकडे काहीच उरत नाही. ‘जगातला सर्वांत स्वार्थी स्ट्रायकर’ घडवायला निघालेल्या कथेने नायक निवडलाय तो इतरांकडे सगळ्यांत जास्त बघणारा. हे लेखकाच्या हातून नकळत झालं असेल असं मला वाटत नाही.

आता ज्या गोष्टीवर माझं मांगाशी भांडण आहे तिकडे येतो.

पहिल्या निवड फेरीचा नियम असा: पाच संघांची साखळी, वरचे दोन संघ आख्खे पुढे, उरलेल्या तीन संघांतला फक्त सर्वाधिक गोल करणारा एकेक जण पुढे. या नियमातून पहिलं काय निपजतं? फितुरी. इसागीच्या संघातला कुओन हा सगळ्यांशी गोड बोलणारा, बैठका बोलावणारा पोरगा आपल्या संघाचे डावपेच प्रतिस्पर्ध्यांना विकतो. बदल्यात त्याला तीन गोल करू द्यायचे, एवढंच त्याचं मागणं. संघ बुडाला तरी तो तरेल. कुओन वाईट आहे का? मला तो कथेतला सर्वांत तर्कशुद्ध माणूस वाटतो. ज्या नियमाने त्याला खेळायला लावलं, त्या नियमाचं सरळ गणित त्याने मांडलं. आणि नंतर, शेवटच्या निर्णायक सामन्यात, हाच कुओन गोल व्हायच्या बेतात असताना प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम पाडतो, लाल कार्ड घेऊन बाहेर जातो. त्याच्या नावावर गोल नाही, शाबासकी नाही, उलट गुन्हा. संघ मात्र वाचतो आणि इसागीच्या अखेरच्या फटक्यावर ५-४ असा जिंकतो. चूक स्वतःच्या नावावर घेण्याचं इतकं स्पष्ट उदाहरण मांगात दुसरं नाही, आणि ते घडतं गोल न करणाऱ्याच्या हातून.

म्हणून मला ही गाळणीच मान्य नाही. एक उरेल आणि बाकीचे कायमचे संपतील, हा फुटबॉलचा विचार नसून कथाप्रकाराची सोय आहे. कानेशिरोंची आधीची गाजलेली मांगासुद्धा शाळकरी मुलांच्या जीवघेण्या खेळांची होती. तिथे हरणारा मरत होता, इथे हरणाऱ्याची कारकीर्द मरते. वाचक पान उलटत राहतो हे खरं, मीही उलटतो. पण ही तऱ्हा कुणी खऱ्या पोरांसाठी धडा म्हणून उचलली तर घात आहे. आपल्याकडच्या कोचिंग क्लासच्या फलकांवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग असते आणि खाली ‘अखिल भारतीय क्रमांक’ असतात. फलकावर न आलेल्या हजारोंचं काय झालं हे कुणी छापत नाही. त्या वातावरणात वाढणाऱ्या मुलाला ‘ब्लू लॉक’ची इमारत ओळखीची वाटली तर नवल नाही.

जपानचा खरा अनुभव या गाळणीच्या अगदी उलट सांगतो. शुनसुके नाकामुरा, ज्याच्या फ्री किकवर स्कॉटलंडमधले सेल्टिकचे पाठीराखे अजून जीव टाकतात, त्याला किशोरवयात योकोहामाच्या क्लबने वरच्या गटात घेतलं नाही. तो शाळेच्या संघातून खेळला आणि तिथून वर आला. केइसुके होंडाची तीच कथा, क्लब गांबा ओसाका. त्यालाही त्यांनी पुढे नेलं नाही, तोही शाळेच्या वाटेने आला, आणि पुढे तीन विश्वचषकांत त्याने गोल केले. एगोच्या इमारतीत हे दोघे पंधराव्या वर्षी संपले असते. काओरू मितोमाचं प्रकरण तर आणखी मजेचं. क्लबने व्यावसायिक संघात ये म्हटलं असताना तो नाही म्हणाला, त्सुकुबा विद्यापीठात गेला आणि तिथे त्याने पदवीचा प्रबंध लिहिला तो ड्रिबलिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत माणसं चुकवत कसं जायचं यावर! इतका थंड डोक्याचा अहंकार मी दुसरा पाहिलेला नाही. तो कोंडून आणि घाबरवून आला नाही. चार वर्षांची मोकळीक मिळाली त्यातून आला.

महत्त्वाकांक्षेला चुकण्याची मुभा लागते, हे मला या सगळ्यातून दिसतं. ज्याला एकदाच संधी आहे तो कुओनसारखा सौदा करेल किंवा सुरुवातीच्या इसागीसारखा पास देऊन मोकळा होईल. दोघेही तर्काने बरोबर. ‘मी मारतो’ असं तोच म्हणतो ज्याला माहीत असतं की चुकलं तर शिव्या मिळतील, पण उद्या सरावाला पुन्हा बोलावतील. संघाने व्यक्तीला काय द्यायचं असतं, तर हे. गोल झाल्यावरच्या मिठ्या कुणीही मारतो.

याची आपल्याकडची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध भारताकडून शेवटचा सामना खेळून निरोप घेतला. नऊ महिने गेले आणि मार्च २०२५मध्ये त्याला परत बोलवावं लागलं. वय ४०. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. टाळ्या वाजवताना माझ्या मनात लाज होती. एवढ्या मोठ्या देशात त्याच्या जागी उभं राहायला कुणी नाही? असेल कसं? आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या क्लबांनी आघाडीची जागा वर्षानुवर्षं परदेशी खेळाडूंना दिली. क्लबचं गणित चुकीचं नाही, त्यांना सामना आज जिंकायचा असतो. पण भारतीय पोराला चाळीस सामने गोल न करता खेळवून एक्केचाळिसाव्यात गोल करताना बघायचं, हे कुणाच्याच हिशोबात बसलं नाही. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धं शहर तिथे असतं, आणि तिथे गोल चुकवणाऱ्याला जे ऐकून घ्यावं लागतं ते इथे छापता येणार नाही. तरी पुढच्या रविवारी तो पुन्हा मैदानात असतो, कारण पेठेचाच पोरगा आहे. शिव्या देणारे आणि पुन्हा उतरवणारे लोक तेच. मला ही व्यवस्था एगोच्या इमारतीपेक्षा शहाणी वाटते.

कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला, गोष्ट आहे, मजा घ्या. घेतोच. पण २०२२च्या कतार विश्वचषकात जपानने जर्मनी आणि स्पेन या दोघांना २-१ने हरवलं तेव्हा जगभरची पोरं ‘ब्लू लॉक खरं झालं’ म्हणून नाचत होती. आणि त्या गोलांकडे नीट पाहिलं तर तिथेही दोन्ही गोष्टी होत्या. जर्मनीविरुद्ध आसानोने लांबून आलेला चेंडू खांद्यावर जर्मन बचावपटू घेऊन पळवला आणि अशा चिंचोळ्या कोनातून मारला की तिथून मारायचं नसतं, असं प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. जर्मन गोलरक्षक नॉयरच्या आणि खांबाच्या मधून चेंडू गेला. शुद्ध हट्ट. स्पेनविरुद्ध मितोमाने बाहेर चाललेला चेंडू रेषेवर केसभर शिल्लक असताना आत ओढला. तानाकाने तो जाळ्यात ढकलला. ज्याने ड्रिबलिंगवर प्रबंध लिहिला, त्याचा त्या स्पर्धेतला सर्वांत गाजलेला क्षण एक पास होता.

आणि मग ५ डिसेंबरची रात्र. शेवटच्या सोळांचा सामना, पुन्हा क्रोएशिया. १-१. जादा वेळातही कोंडी फुटली नाही. पेनल्टी. जपानचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी पेनल्टी कोण मारणार हे स्वतः ठरवलं नाही, खेळाडूंना विचारलं, कोण पुढे येतंय? ताकुमी मिनामिनोने सामन्यानंतर सांगितलं की पाचेक सेकंद कुणी हात वर केला नाही. मग त्याने केला. पहिली पेनल्टी मी मारतो.

त्याची पेनल्टी क्रोएशियाच्या लिवाकोविचने अडवली. मितोमाची अडवली, कर्णधार योशिदाचीही अडवली. ३-१. जपान बाहेर. मोरियासूंनीच नावं ठरवायला हवी होती, अशी टीका नंतर झाली आणि तिच्यात तथ्य आहे. थकलेल्या पोरांवर तो निर्णय टाकणं म्हणजे प्रशिक्षकानेही आपल्यावरचं ओझं खाली ठेवणं झालं. पण मिनामिनोला मी नावं ठेवू शकत नाही. मांगा जो क्षण हजारो पानांतून शोधते आहे, तो त्या मैदानात मधल्या रेषेपाशी येऊन गेला होता, आणि त्याचा शेवट गोलात झाला नाही.

भाच्याला ही सगळी गोष्ट सांगितली. त्याने पेनल्टीबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाला, “मामा, त्या पाच सेकंदांत बाकीचे कुठे बघत होते?”

मी म्हणालो, जमिनीकडे असतील. ताईने पाण्याचा ग्लास आणून ठेवला होता, तो त्याने उचलून आधी माझ्यापुढे केला.